सोऱ्या फक्त दिवाळीलाच का उतरवता?

गेल्या वेळी मी सहज लिहिलं होतं, की स्वयंपाकघरातल्या निम्म्या वस्तू आपण त्यांच्या नावापुरत्याच वापरतो. चकलीचा साचा म्हटला की तो चकलीपुरता, पोळ्यांचा डबा पोळ्यांपुरता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

वय सत्तरच्या पुढे, मनगटं दुखतात. सोलकढीसाठी नारळाचं दूध पिळणं आता जमत नाही आणि विकतच्या डब्यातलं घरात कुणाला आवडत नाही. काय करू? (रत्नागिरी)

माळ्यावरचा सोऱ्या खाली काढा. दाबायचा नको, वर दांडा फिरवायचा असतो तो. पिळताना सगळा जोर बोटांवर आणि मनगटावर येतो. तेच काम आट्यांच्या दांड्याला दिलं की थोड्याशा जोरात बराच दाब मिळतो.

खोवलेलं खोबरं कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढा. सोऱ्यात सगळ्यात बारीक शेवेची चकती बसवा. जुन्या मऊ धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा आत पसरा, त्यात वाटलेलं खोबरं भरा आणि कडा वरून दुमडून घ्या. कापड न घालता केलंत तर चोथाही शेवेसारखा खाली येईल. साचा अर्धाच भरा. खाली पातेलं ठेवून दांडा सावकाश फिरवा, घट्ट लागला की दहा-पंधरा सेकंद थांबा आणि मग पुन्हा अर्धा फेरा. घाई केली की कापड फाटतं. तोच चोथा पाणी घालून पुन्हा एकदा फिरवला की दुसरं दूध निघतं.

सोऱ्या पितळेचा असेल तर कोकमाचं आगळ त्यात मुळीच जाऊ देऊ नका. आंबट पदार्थ पितळेला लागला की कळकतो आणि पोटालाही बरा नाही. दूध स्टीलच्या पातेल्यात उतरवा, आगळ तिथेच घाला.

जाता जाता, हाच सोऱ्या आलू पराठ्याच्या दिवशीही काढा. उकडलेले बटाटे गरम असतानाच जाड शेवेच्या चकतीतून काढले की एकही गुठळी राहत नाही आणि पराठा लाटताना फाटत नाही. मिक्सरमध्ये बटाटा फिरवला तर त्यातला स्टार्च सुटून खळ होते, इथे तसं होत नाही. बटाटेवड्याच्या भाजीला मात्र सोऱ्या लावू नका. वड्यात बटाट्याची फोड दाताखाली यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

कॉट बेसिसवर राहतो. एक शेगडी, एक कुकर, एक कढई. शिट्टी आणि रिंग काढून कुकरमध्ये केक करतात ते सुरक्षित आहे का? (पुणे)

हा उद्योग मी केला आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे. केक झाला, खालून जरा काळाच झाला. दुसऱ्या दिवशी वरण-भात लावला तर शिट्टीच होईना. दहा मिनिटांनी पाहिलं तर झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून फुरफुर वाफ निघत होती. त्या व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा धातू असतो. कुकरमधलं पाणी आटलं तर तो वितळावा आणि वाफेला वाट मिळावी, यासाठीच तो बसवलेला असतो. मी कोरडा कुकर पाऊण तास तापवला, त्याने आपलं काम चोख केलं.

कुकर पाण्यावर चालतो तेव्हा आतलं तापमान साधारण 120 अंशांपर्यंत जातं. केकला हवेत 170-180. म्हणजे भांड्याकडून आपण भलतंच मागतो. शिवाय कोरड्या आचेवर ॲल्युमिनियमचा तळ वाकू शकतो.

तुमच्याकडे कढई आहे ना? जाड बुडाची असेल तर तीच घ्या. तळाला बोटाच्या पेराइतका जाड मिठाचा थर, त्यावर एखादी स्टीलची रिंग किंवा उपडी वाटी, त्यावर केकचं भांडं. वर घट्ट बसेल असं ताट झाका. बारीक आचेवर दहा मिनिटं कढई तापवून मग भांडं आत ठेवा आणि चाळीस मिनिटं तरी झाकण उघडू नका. ते मीठ करडं पडतं. बरणीत भरून पुढच्या केकला ठेवा, आमटीत घालू नका.

इथे हिवाळ्यात दही लागतच नाही. दूध-विरजण सगळं भारतात घ्यायचो तसंच. (टोरोंटो)

विरजणाचा दोष नाही, त्याला थंडी वाजते आहे. पोळ्यांचा कॅसरोल घ्या. त्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग ओता. दूध उकळून 40 ते 45 अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ बोट बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत. लिटरला दीड चमचा विरजण घालून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओता, डबा कॅसरोलमध्ये ठेवा, भोवती टॉवेल गुंडाळा आणि सहा ते आठ तास हलवू नका. ‘लागलं का बघू’ म्हणून उचलून तिरपं करणारे घरात असतील तर रात्री झोपतानाच लावा.

दूध रोज उतू जातं. रोज. (नागपूर)

पातेल्याच्या तळाशी स्टीलची छोटी ताटली उपडी ठेवून दूध तापवा. ताटलीखाली वाफ साठते, कडेने सुटते आणि ताटली खडखड वाजू लागते. सायीखाली वाफ कोंडून दूध एकदम वर येतं, तेही या ढवळण्याने लांबतं. पातेलं काठोकाठ भरलेलं नको. आणि खडखड ऐकून उठायचं तुम्हालाच आहे.

धार लावणारा हल्ली गल्लीत फिरकत नाही. सुरीचं काय करावं? (कोल्हापूर)

चिनी मातीचा कप उपडा करा. बुडाशी चकाकी नसलेली खरखरीत कड दिसेल, तीच तुमची सहाण. सुरी साधारण 20 अंशात तिरकी धरून, कापल्यासारखी पुढे ओढत दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा घासा. मग धुऊन पुसा. टोमॅटो कापण्यापुरती धार येते. पार बोथट झालेल्या सुरीला हे पुरत नाही आणि विळीवर तर हा प्रयोग अजिबात नको.

चहाच्या गाळणीतून रांगोळीत रंग भरले तर एकसारखा थर बसतो, हे मी शोधून काढलं. पण सासूबाई म्हणतात, त्या गाळणीने आता चहा गाळायचा नाही. धुतली तरी चालणार नाही का? (नाशिक)

शोध झकास आहे. गाळणी रांगोळीच्या वर वीतभर धरून दांड्यावर चमच्याने हलकेच टकटक करा, आणखी छान बसेल. पण सासूबाईंचं बरोबर आहे. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, त्यातले रंग खायचे नाहीत आणि बारीक जाळीत अडकलेले कण कितीही धुतले तरी पुरते निघत नाहीत. ही गाळणी रांगोळीच्या डब्यात टाका आणि दांड्याला लाल दोरा बांधा, म्हणजे पहाटे झोपेत कुणी तिच्यातून चहा गाळणार नाही.