स्टेन्सिल शिकवणार असाल तर

ताई, पहिलीच्या पोरांसाठी बाजारातले महागडे साचे कशाला? जुनी एक्स-रे फिल्म घ्या, पुसून पुन्हा वापरता येते. कटर मात्र तुमच्याच हातात.

खरी गोम रंगात. पोस्टर कलरमध्ये पाणी जास्त झालं की तो कडेखाली शिरलाच म्हणून समजा. स्पंज रंगात टेकवा, आधी रद्दीवर दाबा, मग फिल्मवर सरळ ठोका. घासायचं नाही! (पोरं घासतातच.) ‘ठ’ कापताना आतला गोल सुटून पडतो, तिथे बारीक पट्टी जोडलेली ठेवा.

नक्षी शोधायला घरातली सोलापुरी चादर पसरा, चौकटी-फुलं आयती मिळतात. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, मिरवणुकीतली सजवलेली काठी, म्हणजे नंदीध्वज घ्या. ती उंच असते, त्यामुळे कागद उभाच धरा.