'मिस केरळ' मासा महाराष्ट्रातल्या नद्यांमध्ये सापडतो का?

नाही, मिस केरळ (डेनिसन बार्ब) आपल्याकडच्या नद्यांत निसर्गतः मिळत नाही. तो फक्त केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिमवाहिनी नद्यांचा, उदाहरणार्थ चालियार, वळपट्टणम, चंद्रगिरी. ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी 1865 मध्ये त्याचे वर्णन केले, आणि 2013 पासून तो 'सह्याद्रिया' या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) मोडतो. त्याला खडकाळ तळाचे, वाहते, भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. ओळखायला सोपा: रुपेरी अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, त्याच्यावर डोळ्यातून जाऊन अर्ध्या अंगात संपणारा लालभडक पट्टा, आणि शेपटीच्या दोन्ही पात्यांवर पिवळ्या-काळ्या तिरक्या रेघा. याच रंगांपायी मत्स्यालयांसाठी त्याची बेसुमार पकड झाली नि तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' ठरला. म्हणून घ्यायचाच असेल तर पैदास केलेला मागा. एवढेच की चालकुडी नदीतला अगदी तसाच दिसणारा मासा ही वेगळी जाती आहे, सह्याद्रिया चालकुडिएन्सिस. या चालकुडीच्या जातीतल्या मोठ्या माशाच्या पाठीवरच्या परावर काळा डाग दिसतो. दुकानात दोन्ही सर्रास एकाच नावाने विकतात, त्यामुळे फोटो दाखवून विचारत असाल तर आधी तो पर बघा.