कपडे धुवायला पावडर घ्यावी की लिक्विड? (सोलापूर, बोअरचं पाणी, फ्रंट लोड मशीन)

बोअरचं पाणी असेल तर रोजच्या कपड्यांना मी पावडरच सुचवेन. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाची ताकद खाऊन टाकतं. पावडरमध्ये साधारणपणे धुण्याचा सोडा असतो, तो या क्षारांना आवरतो. पांढरे शर्ट, शाळेचे मोजे, घामट कॉलर यांना तीच बरी. शिवाय किलोमागे स्वस्त पडते.

मात्र गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही. काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे दिसतात ते त्याचेच. आधी मगभर कोमट पाण्यात कालवून घ्या. फ्रंट लोडला कमी फेसाची, मशीनसाठीचीच पावडर हवी. हाताने धुवायची घातलीत तर फेस निघता निघत नाही आणि पाणी वाया जातं. आपल्याकडे रोज नळ येत नाही, तेव्हा हे फार महत्त्वाचं.

लिक्विडची छोटी बाटलीही घरात ठेवाच. तेलाचे डाग, गडद रंग आणि आपली सोलापुरी चादर यांच्यासाठी. चादरीच्या जाड विणीत पावडरचे कण अडकतात, वाळल्यावर ती खरखरीत लागते. नवी चादर पहिल्या एकदोन धुण्यांना वेगळी, गार पाण्यात धुवा. रंग सुटू शकतो. टॉवेलना मात्र सॉफ्टनर अजिबात नको, ते पाणी टिपेनासे होतात.

रेशमी साडीला पावडर लावू नका. सोड्याने रेशमाची चमक जाते.