जवळची मिडल स्कूल की लांबचा मॅग्नेट? (मेरीलँड, माँटगोमेरी काउंटी)

मुलगी सहावीत जाणार, मॅग्नेटच्या (सरकारी शाळेतला, ठरावीक विषयांवर भर देणारा खास अभ्यासक्रम) लॉटरीत टाकोमा पार्क मिडल स्कूलचं नाव लागलंय आणि घरची शाळा दहा मिनिटांवर आहे, असा तुमचा प्रश्न. आधी विषय बघा. टाकोमा पार्कचा मॅग्नेट गणित, विज्ञान आणि कॉम्प्युटरचा आहे. ईस्टर्न या दुसऱ्या मिडल स्कूलचा लेखन आणि मानव्यविद्यांचा. मुलगी दिवसभर गोष्टी लिहीत बसत असेल, तर नुसत्या नावासाठी टाकोमा पार्कला धाडू नका.

मग घरच्या शाळेच्या काउन्सेलरला नेमकं विचारा: सातवीत अल्जेब्रा-१ आणि आठवीत जॉमेट्री मिळते का? मिळत असेल तर गणिताच्या वेगात फार फरक उरत नाही. फरक असतो तो वर्गातल्या सोबतीचा आणि प्रोजेक्टांचा, आणि तो खरा असतो.

बहुतेक घरांचा अंदाज चुकतो तो बसबाबत. मॅग्नेटची बस दारात येत नाही, ठरावीक मध्यवर्ती थांब्यावर येते. म्हणजे थांब्यापर्यंत रोज सोडायचं कोणी? शाळेच्याच एखाद्या दिवशी, सकाळच्या त्याच वेळी गाडीने जाऊन बघा; रविवारी मोजलेला वेळ कामाचा नाही. जाऊन-येऊन दीड तासाच्या वर गेलं, तर गृहपाठाचा वेळ झोपेतून वजा होतो. क्लबनंतरची उशिराची बस कोणत्या दिवशी असते आणि कुठे सोडते, तेही विचारून घ्या.

आणखी एक. टाकोमा पार्कला शिकली म्हणून ब्लेअर हायस्कूलच्या मॅग्नेटमध्ये जागा आपोआप मिळत नाही, तिथे निवड वेगळी होते. तेवढ्या एका आशेवर तीन वर्षं प्रवास करायला लावू नका.