कॅन्सरच्या उपचारांदरम्यान मुलाची शाळा वर्षभर बंद ठेवावी का?

पूर्ण बंद ठेवू नका, अभ्यास कमी करा. तुमच्या मुलाला एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) हा रक्ताचा कॅन्सर असल्याचं तुम्ही लिहिलं आहे; त्याचे उपचार साधारण २ ते ३ वर्षं चालतात. एवढा काळ शाळेशी संबंध तुटला तर धड्यांपेक्षा मित्र जास्त दुरावतात आणि परत वर्गात बसणं जड जातं. रुग्णालयातल्या मुलांना वय आणि प्रकृतीला झेपेल असं शिक्षण मिळावं, हे रुग्णालयातल्या मुलांच्या हक्कांच्या १९८८ च्या लायडन सनदेतही आहे. शाळेशी आत्ताच बोला:

– सगळे विषय नकोत, भाषा आणि गणित पुरे.
– हजेरीत सूट आणि परीक्षेला जादा वेळ डॉक्टरांचं पत्र जोडून लेखी मागा.
– वर्गाला काय सांगायचं ते आधी मुलालाच विचारा. बहुतेक जण हेच विसरतात.

या कॅन्सरवर देतात त्या मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी काही मुलांची एकाग्रता आणि विचारांचा वेग नंतरही कमी राहतो. त्याला आळशीपणा समजू नका, तपासणी करून घ्या. मात्र संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात खूप कमी असताना वर्गात पाठवायचं की नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्या दिवसांत अंथरुणात बसून अर्धा तास वाचलं तरी चालेल, आणि नको म्हणाला तर तेही सोडा.