स्वर बरोबर लिहूनही म्युझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायोलिन, बासरी खेळण्यातल्या कीबोर्डसारखी का वाजतात?

आधी ध्वनी तपासा. जुन्या साउंडफाँटऐवजी (वाद्यांच्या ध्वनींची फाइल) म्युझ साउंड्स हे ध्वनी बसवा आणि मिक्सरमध्ये वाद्यागणिक निवडा. डिसेंबर २०२२ मध्ये म्युझस्कोअर ४ सोबत ते मोफत आले. डोरिको किंवा सिबेलियस ही अशीच सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी नोटपरफॉर्मर हा स्वर वाजवून दाखवणारा प्रोग्राम उत्तम. तो साधारण सेकंदभर पुढचं वाचून मग वाजवतो, त्यामुळे ओळ कुठे चाललीय हे त्याला आधीच कळतं.

पण माझ्या मते जास्त फरक लिहिण्याने पडतो. पियानोचा स्वर एकदा दाबला की पुढे फक्त विरत जातो. व्हायोलिनचा स्वर मधेच फुगतो, ओसरतो. हे सॉफ्टवेअरला तुम्हीच सांगायला हवं. लांब स्वरांवर क्रेशेंडो-डिमिन्युएंडोच्या (आवाज हळूहळू वाढवण्या-कमी करण्याच्या) खुणा द्या. स्लर (स्वर जोडणारी कमान) नसेल तर प्रत्येक स्वर नव्याने सुरू होतो, जणू वादक दर स्वराला गजाची दिशा बदलतोय. म्हणून एका गजात येणारे स्वर एका स्लरखाली घ्या. बासरीच्या ओळीत श्वासाला जागा ठेवा. ती नसेल तर ध्वनी कितीही चांगला असला तरी कानाला खटकतं, हे मी अनेकदा अनुभवलंय.

पिझ्झिकाटोसारख्या (तार बोटाने छेडा) सूचना साध्या मजकुरात टाइप करू नका, पॅलेटमधूनच (सॉफ्टवेअरमधल्या तयार खुणांच्या यादीतून) घ्या. नाहीतर त्या नुसत्या दिसतात, वाजत नाहीत. रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) शेवटी, आणि तोही थोडाच.