नकाशातला नंबर आणि नंबरामागची माणसं

जमिनीच्या जुन्या कागदांवरून पूर्वज शोधता येतात का, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. बहुतेक ठाणे-बेलापूर पट्ट्यातली आहेत, आणि ते साहजिक आहे. इथल्या भातखाचरांवर दोन पिढ्यांत शहर उभं राहिलं आणि नातवंडांना आजोबांचं शेत दाखवायला बांधच उरला नाही. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. उन्हातान्हात साखळी ओढली, टिपणं काढली, रुमालात बांधलेली दप्तरं सोडली आणि पुन्हा बांधली. त्या अनुभवातून उत्तरं देतो. हक्काच्या वादांना इथे हात घालत नाही, तो वकिलांचा प्रांत. आपल्याला फक्त माणसं शोधायची आहेत.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत कापडावर चिकटवलेला गावनकाशा सापडला. सगळीकडे नंबर आहेत, नाव एकही नाही. आमचं शेत कोणतं आणि ते आधी कोणाचं होतं, हे कसं कळेल? (कळवा)

गावनकाशावर खातेदाराचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. त्यावर सर्व्हे नंबर, शिव, ओढे, वाटा, विहिरी आणि गावठाण एवढंच असतं. माणसं दुसऱ्या कागदांत असतात आणि तिथे पोचायला हा नंबर लागतो. म्हणून आधी घरातला जुन्यात जुना सातबारा काढा. घरात नसेल तर ठाणे जिल्ह्याचे बरेच जुने सातबारे आणि फेरफार (जमिनीवरच्या नावांत झालेल्या बदलांच्या नोंदी) ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. तिथे नसलेल्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा.

सातबाऱ्यावर नावांच्या आसपास काही आकडे वर्तुळात किंवा कंसात दिसतील. ते फेरफार क्रमांक. त्यातला सर्वांत लहान आकडा उचला आणि तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, मागवा. अमुक मयत झाला, त्याचे वारस अमुक, असं त्यात लिहिलेलं असेल. त्या मयताचं नाव घेऊन आणखी जुना सातबारा बघायचा, त्यावरचा फेरफार पुन्हा मागवायचा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, त्यामुळे या वाटेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत मागे जाता येतं. दोनशे रुपयांच्या नकलांत चार पिढ्या हाती आलेलं घर मी पाहिलं आहे.

एवढ्यावर थांबू नका. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून आपल्या नंबराचं टिपण आणि फाळणी नकाशाही मागवा. टिपण हा मोजणीदाराने शेतात उभं राहून काढलेला कच्चा आराखडा. तो प्रमाणात नसतो, रेघांवर लिहिलेले आकडे खरे. ते शंकू साखळीतले असतात. एक साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. रेघेवर १२-८ असेल तर बारा साखळ्या आठ आणे, म्हणजे नेमकं ४१२ फूट ६ इंच. तुमच्या पणजोबांच्या बांधावर कोणीतरी साखळी धरून चालला आणि तेव्हा त्याने हा आकडा टिपला.

फाळणी नकाशात तर कुटुंबाची वाटणी डोळ्यांना दिसते. हिस्सा १, २, ३ अशा पट्ट्या पडलेल्या असतात. आमच्याकडच्या खाडीकाठच्या गावांत त्या पुष्कळदा वरकस माळापासून खारीपर्यंत लांबच लांब गेलेल्या दिसतात, रुंदीला अगदी चिंचोळ्या. प्रत्येक भावाच्या वाट्याला थोडी वरची जमीन आणि थोडी खालची भातजमीन यावी, म्हणून बाप नाहीतर पंच असं वाटप करत. पट्ट्या मोजा. तीन असतील आणि घरात दोनच भावांची नावं ठाऊक असतील, तर तिसरा कोण, हा तुमचा पुढचा शोध.

प्रश्न : नकलेवर ‘जुना स.नं.’ आणि ‘नवा स.नं.’ असे दोन नंबर आहेत. कोणता धरायचा? (घोडबंदर रोड, ठाणे)

दोन्ही धरायचे, आणि कोणत्या कागदावर कोणता लिहिलाय याची वही ठेवायची. ठाणे तालुक्यातल्या बऱ्याच गावांत फेरमोजणीनंतर नंबर बदलले. जुना फेरफार जुन्या नंबराने सापडतो, आजचा नकाशा नव्या नंबराने.

हे मी सोसून शिकलो. माझ्या आजोळच्या शेताची नक्कल एका कार्यालयातून घेतली, तिच्यात जुना नंबर नव्याच्या रकान्यात पडला होता. मी खात्यातला माणूस, तरी नजरेतून सुटलं. जवळजवळ दोन वर्षं मी भलत्याच घराण्याची पिढी जुळवत बसलो. शेवटी गुंठे जुळेनात तेव्हा शंका आली. म्हणून नंबराबरोबर क्षेत्र आणि आकार, म्हणजे शेतसारा, हेही ताडून बघा. तिन्ही एकदम चुकणं अवघड.

क्षेत्राचं गणितही इथेच सांगतो, कारण तिघांनी तेच विचारलंय. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, आणि गुंठा म्हणजे साखळीभर लांब, साखळीभर रुंद, १०८९ चौरस फूट. नव्या सातबाऱ्यात हेक्टर-आर असतात. जुन्या कागदावरचे २ एकर १० गुंठे नव्यावर ०.९१ हेक्टर दिसतात. जमीन कुठे गेलेली नाही, माप बदललंय.

प्रश्न : आमचं शेत सिडकोने घेतलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मुलगी विचारते, ‘बाबा, आपलं शेत नेमकं कुठे होतं?’ मला सांगता येत नाही. जुना नकाशा आजच्या सेक्टरवर बसवता येईल का? (घणसोली)

बसवता येईल, आणि तुम्ही हे कराच. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

सिडको १९७० च्या मार्चमध्ये स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं अधिसूचित झाली. शेतं गेली, पण मूळ गावठाणं बहुतेक जागीच राहिली. तोच तुमचा खुंटा. गावनकाशावर गावठाणाची कड, तळं, गावदेवीचं देऊळ, खाडीचा बांध आणि तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा शोधा. यांतल्या तीन-चार खुणा आजही उभ्या असतात. नकाशाचा सरळ, सपाट फोटो काढा, तो संगणकावर उपग्रहचित्रावर अर्धपारदर्शक ठेवा आणि त्या खुणा एकमेकींवर येईपर्यंत फिरवा, ताणा. दोन खुणांवर समाधान मानू नका. निदान तीन हव्यात आणि त्या एका रेषेत नकोत, नाहीतर शेत शंभर-दोनशे फूट सरकतं. ‘महाभूनकाशा’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचा नकाशा मिळाला तर काम सोपं होईल. मात्र हे सगळं आपल्या आठवणीसाठी, हद्द ठरवायला याचा उपयोग नाही.

आता माणसांकडे येऊ. संपादन झालेल्या कुटुंबांकडे फार मोठा ठेवा असतो आणि त्यांना त्याची कल्पना नसते. पहिला कागद भूसंपादनाचा निवाडा. १८९४ च्या कायद्याखाली संपादन होताना सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, हितसंबंध असणाऱ्यांची नावं आणि मोबदला निवाड्यात यायचा. झाडं आणि विहिरींची किंमतही पुष्कळदा वेगळी धरलेली असते. किती आंबे, किती ताडमाड, विहीर पक्की की कच्ची. एका वाचकाने मला असा निवाडा दाखवला तेव्हा त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आईने झाडांची यादी ऐकून कोणतं झाड कुठल्या कडेला होतं ते बोटाने टेबलावर काढून दाखवलं.

दुसरा कागद साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची फाईल. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी उभे राहिले, गोळीबारात माणसं गेली, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची ही योजना आली. तिचा भूखंड मागताना मूळ खातेदार हयात नसेल तर वारस सिद्ध करावे लागत. त्यामुळे या फाइलींत वारस दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचे दाखले असं सगळं एकत्र बांधलेलं असतं. काका-आत्यांपैकी कोणाच्या तरी कपाटात ती आहे. नवे अर्ज करण्याआधी ती मागा.

प्रश्न : जुन्या फेरफारात ‘बिन’, ‘कोम’, ‘अ.पा.क.’ असं काय काय लिहिलंय. आणि मला आजीकडची बाजू शोधायची आहे, पण बायकांची नावंच दिसत नाहीत. (ऐरोली)

बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वारस वयाने लहान असल्यामुळे त्याच्या वतीने नाव लागलेली व्यक्ती. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. त्याचं एकट्याचं नाव दिसलं म्हणजे बाकीचे भाऊ नव्हते असं समजू नका.

नोंदीची धाटणी दाखवतो, नावं नमुन्याची आहेत : ‘नामा बिन धर्मा मयत. वारस मुलगा राघो, वय ९, अ.पा.क. आई भागी कोम नामा.’ ही एक ओळ सावकाश वाचा. धर्मा, नामा, राघो, तीन पिढ्या आल्या. राघोचं वय आणि फेरफाराची तारीख यांवरून जन्मसाल आलं. नामा तरुणपणीच गेला असावा, हे कळलं. आणि नऊ वर्षांचं पोर घेऊन ज्या बाईने ते शेत सांभाळलं, तिचं नाव आलं. आडनाव मात्र नाही. जुन्या नोंदींत ते पुष्कळदा नसतंच, म्हणून आजच्या आडनावावरून शोध घेऊ नका. आपल्या भागात पाटील, म्हात्रे, भोईर घरोघर आहेत. नाव, बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर हे तिन्ही जुळले तरच माणूस तोच.

बायकांची नावं कमी दिसतात ती कायद्यामुळे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वी वारस म्हणून साधारणपणे मुलांचीच नावं लागत, मुलींची नाही. विधवेचं नाव बहुधा अ.पा.क. म्हणून येई, नाहीतर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात पोटगीपुरतं. १९५६ नंतर मुली वारस फेरफारात दिसू लागतात आणि पुष्कळदा लगेच पुढच्याच फेरफारात हक्कसोड करून निघून जातात. वाचताना वाईट वाटतं, पण शोधणाऱ्याला हक्कसोड पत्र फार उपयोगी. त्यात बहिणीचं सासरचं नाव आणि सासरचं गाव असतं. तुमच्या आजीच्या माहेरचं गाव ठाऊक असेल तर तिच्या भावांच्या नंबरावरचे १९५६ नंतरचे वारस फेरफार मागवा. आजी तिथे सापडायची शक्यता सगळ्यात जास्त.

जमिनीबाहेरचे दोन कागदही बघा. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. आणि १९५१ च्या राष्ट्रीय नोंदवहीत घरातल्या माणसांची नावं येतात, बायकामुलांसकट. ठाणे तहसिलात कुणबी नोंदींच्या तपासासाठी अलीकडे अशी दप्तरं बाहेर काढली गेली, त्यामुळे आता कर्मचाऱ्यांना ती कुठे आहेत ते माहीत असतं.

प्रश्न : आमचं घर चेंदणी कोळीवाड्यात. सातबारा नाहीच. मग? (ठाणे पूर्व)

गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. तुम्हाला मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) लागेल, ती नगर भूमापन कार्यालयात मिळते. पण खरी माहिती तिच्यामागच्या चौकशी नोंदवहीत असते. सिटी सर्वे झाला तेव्हा प्रत्येक घराचा धारक कोण आणि त्याच्याकडे घर कसं आलं, याची चौकशी होऊन त्यात लिहिलं गेलं. तिची नक्कल नावानिशी मागा, नाहीतर फक्त पत्रिकाच हातात ठेवतात. शिवाय ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची. जुन्या घरपट्टीच्या पावत्या घरात असतील तर त्यांवर घर नंबर आणि मालकाचं नाव मिळेल.

प्रश्न : काही कागद मोडीत आहेत. वाचून देणारे भरपूर पैसे मागतात. (दिवा)

मूळ कागद कोणालाही देऊ नका, चांगले फोटो द्या. लॅमिनेशनही नको, पुढे कागद सोडवता येत नाही. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जातात, म्हणून बघताक्षणी धडकी भरते. पण आकडे देवनागरीच्या जवळचे आहेत आणि बिन, मौजे, शके, मयत, खरेदी असे पंधरा-वीस शब्द ओळखू आले की कोणता कागद आपल्या कामाचा, हे तुम्हीच ठरवाल. मग तेवढाच वाचून घ्या. शके दिसला तर ७८ मिळवा, पौषानंतरच्या महिन्यांत ७९. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, जमलं तर जरूर करा.

प्रश्न : कागद एकही नाही. नव्वदीची आत्या फक्त शेताचं नाव सांगते, ‘उघाडीवरचं’. यावरून काही होईल? (कोपरखैरणे)

होईल. उघाडी म्हणजे खारबांधातलं पाणी सोडायचं दार, आणि प्रत्येक बांधाला अशा थोड्याच उघाड्या असत. गावनकाशावर खाडीचा बांध शोधा, त्याला ओढा जिथे मिळतो तिथली खाचरं बघा. पाच-सात सर्व्हे नंबरांच्या पलीकडे जावं लागणार नाही. त्या नंबरांचे जुने फेरफार बघताना शेजाऱ्यांची नावंही आत्याला मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या आजोबांचं नाव कागदावर कसं लिहिलं होतं ते तिला ठाऊक नसेल, पण बांधाला बांध लागून कोण होतं ते ती विसरलेली नसते. शेजारी सापडला की दुय्यम निबंधक कार्यालयात त्याच्या खरेदीखताचा शोध घ्या. तिथली सूची क्रमांक १ नावांवरून लावलेली असते, सूची क्रमांक २ मिळकतीवरून. त्या खताच्या चतुःसीमेत पूर्वेस, पश्चिमेस कोणाचं शेत, हे नावानिशी लिहिलेलं असतं, आणि तुमचे आजोबा तिथे भेटू शकतात.

अर्ज करायला वेळ लागेल. आत्याकडे मात्र या रविवारीच जा. नकाशाची मोठी छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन जा. तिला आठवतील ती सगळ्या शेतांची नावं त्या त्या जागी लिहून घ्या, आणि ती बोलत असताना फोनवर आवाज टिपायला विसरू नका.